मोठ्या मापाच्या बांगड्या

आदल्या संध्याकाळी ज्या बाईने मला कुंकू लावून घरात घेतलं, तीच बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कपाळाने आणि मोकळ्या हातांनी अंगणात सडा टाकताना दिसली. मी खोलीच्या दारातच थबकले. रात्रीतून काही बरंवाईट झालं म्हणावं, तर घरात रडारड नाही, माणसं जमलेली नाहीत, चुलीवर चहा उकळतोय. "तोंड धुवून घे वो पोरी, चहा झाला," ती म्हणाली. मी तोंड धुता धुता तिच्या कपाळाकडे बघत राहिले आणि तांब्यातलं पाणी माझ्याच पायांवर सांडत राहिलं.

आणीबाणी उठली ते वर्ष असावं. भंडाऱ्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले होते. अमरावतीहून एकटी आले होते आणि बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांच्या घरी मागची खोली मला भाड्याने मिळाली होती. घरात नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही. आल्या क्षणापासून मी त्यांना काका-काकू म्हणायला लागले होते. त्या सकाळी काका घरात नव्हते आणि समोरची बाई तर हुबेहूब काकूंसारखी होती. मी मनाशी ठरवून टाकलं की ही काकूंची विधवा बहीण, जुळी असणार. आणि शहाण्यासारखं तिलाच विचारलं, "काकू उठल्या नाहीत का अजून?"

"मीच तं हाये काकू," ती म्हणाली. "काहून, साखर कमी झाली काय चहात?"

पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. दिवसभर ती बाई तशीच वावरली. तांदूळ निवडले, वाळवण उलटवलं, माझ्याशी अमरावतीच्या बाजाराबद्दल गप्पा मारल्या. दिवेलागणीला फाटकातून "आलो!" अशी आरोळी आली आणि काका आत शिरले. धोतर गुडघ्यांपर्यंत ओलं, पायात बोटांपाशी कापलेले कॅनव्हासचे बूट, कमरेला सुतळीने बांधलेला पितळेचा लोटा. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. काकू उठल्या. कोनाड्यातला पितळी डबा उघडून त्यातल्या हिरव्या बांगड्या त्यांनी एकेक करून हातांत चढवल्या, आरशासमोर उभं राहून कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "हातपाय धुवा, भात गरम हाये."

मी सर्द झाले.

काकांचे आठवड्यातले सहा दिवस बाजाराचे आणि रविवार जंगलातल्या नाल्याचा. दुकानामागे भांडी ठोकायची जागा होती. तिथल्या ठणठणाटात त्यांचे कान निम्मे गेले होते आणि त्यामुळे ते जे बोलत ते साऱ्या गल्लीला ऐकू जाई. एकदा भर बाजारात रस्त्याच्या पलीकडून त्यांनी मला विचारलं, "काहून वो बाई, लग्न नाही करत काय तुमी?" भाजीवाल्या, सायकलवाले, माझ्या वर्गातल्या दोन मुली, सगळे वळून उत्तराची वाट बघायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, मी उत्तर न देता निघून गेले म्हणून घरी आल्यावर काकूंकडे माझी तक्रार केली.

त्यांच्या भटकंतीचा हंगाम ठरलेला होता. धान कापून झालं की सुरू, पळस फुलला की बंद. पावसाळ्यात नाला माणसाला जवळ करत नाही आणि उन्हाळ्यात नाला नावालाच उरतो, म्हणून हिवाळा. रविवारी सकाळी लाखनीकडे जाणारी यष्टी धरायची, मधल्या एका फाट्यावर उतरायचं, शेतांच्या बांधांवरून जंगलात शिरायचं आणि नाल्याच्या उलट्या अंगाने वर चढत धबधब्यापर्यंत जायचं. एवढं मोठ्याने बोलणारा हा माणूस, पण गाडीने वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडला की जो गप्प व्हायचा तो धबधब्यापर्यंत गप्प. कंडक्टरने तिकीट विचारलं तरी बोटाने दाखवायचे.

पहिल्याच हिवाळ्यात शाळेतल्या दोघीजणींना सोबत घेऊन मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. हौस होती, आणि काकूंचं कोडं त्या वाटेवर उलगडेल अशी आशाही होती. नाल्याशी पोचलो तेव्हा काठाने चांगली मळलेली पायवाट दिसली. काका सरळ पाण्यात उतरले.

"काका, वाट इकडे आहे!" मी ओरडले.

त्या सकाळी ते पहिल्यांदा बोलले. "ते बकऱ्यायची वाट हाये. तुमाले नाला पाहाचा हाये का बकऱ्या?"

मग काय, चपला हातात, साड्या गुडघ्यांपर्यंत खोचलेल्या, आणि आम्ही तिघी त्यांच्यामागे. डिसेंबरातलं ते पाणी! पहिल्या पावलाला माझ्या तोंडून आवाजच निघेना. पोटऱ्यांपर्यंत कळ चढत गेली आणि मग पाय आपले राहिलेच नाहीत. पायाखाली शेवाळलेले गोटे, दोन्ही काठांना अर्जुनाची पांढरी खोडं, वर बांबूंची कमान आणि तिच्यातून नुकतं उतरलेलं ऊन. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? पण वळण आलं की काका गोटा उचलून कमरेच्या लोट्यावर ठणठण ठोकायचे. दोन-तीन वळणांनंतर मी विचारलं, हे कशासाठी?

"अस्वलाले वर्दी," ते म्हणाले आणि पुढे चालायला लागले. अस्वलाचं नाव आम्हाला घरून निघताना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यासोबतच्या एकीने तिथेच रडायला सुरुवात केली.

धबधब्याला काका 'धार' म्हणत. पावसाळ्यात म्हणे तिच्या आवाजापुढे माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. हिवाळ्यात मात्र काळ्या खडकावरून उतरणाऱ्या दोन-चार बारीक धारा आणि खाली हिरवागार डोह. काकांनी कोट काढला, घडी करून खडकावर ठेवला, शेजारी बूट ठेवले आणि धोतरानिशी धारेखाली जाऊन उभे राहिले. आणि मग ते बोलायला लागले. बोलायला कसले, ओरडायला.

"अरे भैताडा! ठोकून ठोकून काय पाहून राहिला गुंडाले? तुह्या बापानं पाहिला होता काय असा गुंड? न्यायचा तं ने, नाही तं मातीचं मडकं घे!"

गुंड म्हणजे पाण्याची घागर. आम्ही तिघी एकमेकींना धरून उभ्या. माणूस वेडा झाला, आता इथून परत कसं जायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात. काका तोवर दुसऱ्या कुणाला तरी झोडपत होते, मग तिसऱ्याला. सगळा राग उतरल्यावर ते दात वाजवत बाहेर आले, अंग पुसलं आणि लहान पोरासारखे हसले. "आठ दिवस गिऱ्हाइकाले 'या भाऊ, बसा भाऊ' करा लागते. जे तोंडात राह्यते ते इथी आनून टाकतो. वाहून जाते."

मग काकूंनी दिलेला डबा उघडला. लाखोरीच्या डाळीचे वडे होते. ज्या हातांनी ते सकाळी तळले होते ते हात आता घरी मोकळे असतील, हे मला आठवलं. काका डोहाकडे बघत मजेत खात होते. वडा तोंडात असतानाच त्यांनी हात लांब केला.

"या डोहात मी मेलो होतो बरं का," ते म्हणाले.

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी काकूंसमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं. काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. आपल्याला काही लपवायचं आहे असं त्यांना कधी वाटतच नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

माझ्या येण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. काका एका रविवारी एकटेच गेले आणि आले नाहीत. दुसऱ्या दिवशी माणसं शोधायला गेली, तर खडकावर घडी केलेला कोट, शेजारी बूट, खालच्या दगडावर रक्त आणि काठच्या वाळूत बिबट्याचे पंजे. जवळच्या गावातल्या ढिवरांना बोलावलं. तळ्यात मासे धरणारी ती माणसं, डोहाच्या तळाला जाऊन आली, बांबूंनी कपारी चाचपल्या. काही मिळालं नाही. लाखांदूरहून काकांचे थोरले भाऊ आले. ते म्हणाले, देह मिळाला नाही म्हणून जीव तसाच भटकत ठेवायचा काय? भटजींना विचारून पळसाच्या पानांचा माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ बांधला. वैनगंगेच्या काठावर त्याला अग्नी दिला.

"अन् माह्या बांगड्या फोडल्या," काकू म्हणाल्या. "दगडावर हात धरून फोडल्या. हे पाह्य." त्यांच्या मनगटावर पांढरा वण होता.

तेरवीच्या दिवशी अंगणात पंगत बसली होती. वरण वाढणारा वरण वाढत होता. तेवढ्यात फाटकातून लंगडत एक माणूस आला. कुणाचं तरी आखूड धोतर, खांद्यावर घोंगडं, डोक्याला फडकं. मांडलेल्या पत्रावळींकडे बघून त्याने खड्या आवाजात विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

कोणी बोललं नाही. वरणाची बादली पडली. ज्या भावाने अग्नी दिला होता ते पाटावरून उठले आणि चपला न घालता रस्त्याला लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या सांगत, "मले आनंद नाही झाला वो पोरी. खरं सांगतो तुले. मले पहिले भेव वाटलं. मंग इतका राग आला, का हातातला झारा फेकून मारीन म्हनलं."

काका घसरून पडले होते, डोक्याला खोक पडली होती. कसेबसे नाल्याने खाली सरकत गेले आणि शुद्ध हरपली. बांबू तोडणाऱ्यांना ते दिसले. त्यांनी बैलगाडीत घालून डोंगरापलीकडच्या आपल्या गावी नेलं. कितीतरी दिवस ताप, त्यात पाय मुरगळलेला. इथवर त्यांचा काही दोष नाही. पण ताप उतरल्यावर त्या माणसांनी विचारलं होतं, भंडाऱ्याला कोणाला पाठवू का सांगायला? तर काका म्हणाले, कायले? धान चुरायचे दिवस, माणूस खळ्यावरून काहून उठवता? मी जाणारच आहे चार दिवसांत.

"निरोप धाडला नाही यायनं!" काकूंचा आवाज तेव्हा चढला. "तिकडे खाटेवर बसून मासे खाऊन राहिले होते. अन् इथी माह्या बांगड्या! मी इचारलं, निरोप काहून नाही दिला? तं म्हनते, मले वाटलं तुले ठाऊक असन."

पुढचं ऐकताना हसावं की रडावं तेच मला कळेना. भटजी म्हणाले, ज्याला अग्नी दिला तो माणूस तसाच घरात घेता येत नाही, त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. मग दुकानातलं सगळ्यात मोठं पितळी घंगाळ अंगणात आणलं, काकांच्या अंगाला तूप चोळलं, घंगाळात बसवून आंघोळ घातली, बारसं केलं, जुनंच नाव पुन्हा ठेवलं आणि त्यांच्याच बायकोशी त्यांचं पुन्हा लग्न लावलं. काकूंनी नव्या बांगड्या भरल्या. ते घंगाळ पुढे कायम दुकानाच्या पायरीवर असायचं. कोणी किंमत विचारली की काका ओरडायचे, "ते माहं जन्मस्थान हाये भाऊ, ते विकाचं नाही!" मी ते कितीदा ऐकलं होतं आणि दुकानदाराची थट्टा समजून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या लग्नात काकूंनी त्यांच्याकडून शब्द घेतला, नाल्यावर जाणार नाही. तो हिवाळा त्यांनी शब्द पाळला. पुढचा हिवाळा लागला तसे ते रविवारी बंद दुकानात एकटे जाऊन बसायला लागले. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. एकदा घरी आलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेले. शेवटी काकूंनीच त्यांच्या हातात डबा दिला आणि म्हटलं, जा. पण ते फाटकाबाहेर पडायच्या आधी त्यांच्यासमोर हाताला तेल लावून एकेक बांगडी उतरवली आणि पदराने कुंकू पुसलं.

"पण का?" मी विचारलं. "काकू, का?"

त्यांनी मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. "यम तिकडे नाल्यावर असते. ह्यायचा पाय घसरला का तो पाहीन, याची बायको घरी कशी हाये? ती तं आधीच रांडव! कपाळ पांढरं, हात मोकळे. जिचं एकदा नेलं तिचं दुसऱ्यांदा काय नेईन तो? जाईन माघारी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अन् नेलंच, तं दुसऱ्यानं दगडावर फोडन्यापरीस आपल्या हातानं उतरवलेलं बरं, नाही?"

मी विज्ञानाची बाई. रोज वर्गात कार्यकारणभाव शिकवत होते. मी उठले आणि चपला पायात सरकवल्या.

काचेची बांगडी फोडल्याशिवाय हातातून काढायची तर ती सैल हवी. म्हणून काकू मोठ्या मापाच्या बांगड्या भरत. हात वर केला की कोपरापर्यंत जायच्या, खाली केला की तळहातावर यायच्या. घरी येणारी बांगडीवाली दर खेपेला कुरकुरायची. "काकू, हे काय माप झालं? हातातून गळते असल्या. सवाष्णीनं असं नाही करू." काकू म्हणायच्या, "तू भर."

मला काकांचा भयंकर राग आला होता. मी तडक दुकानात गेले. मागे ठोकाठोकी चाललेली, काकांना ऐकू येईना, म्हणून जे चार भिंतींत बोलायचं ते मीच बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. तुम्ही जाता, पाण्यात उभं राहून मजा करता, आणि घरी ती बाई दर रविवारी विधवा होऊन बसते, काही वाटतं का तुम्हाला?

काका खाली मान घालतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "वाटते ना. तिनं हे सुरू केलं तवापासून माहा पाय एकदाही घसरला नाही."

मी थक्क झाले. "काका, हा योगायोग आहे!"

"असन," ते म्हणाले. "मंग तुमीच जाऊन सांगा तिले, सोडून दे म्हना. अन् त्याच रविवारी मी घसरलो तं?"

मागची ठोकाठोक नेमकी त्याच वेळी थांबली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी परत आले. तिला सांगायला मी गेले नाही, कधीच गेले नाही. त्या घरात एक माणूस जायचा थांबू शकत नव्हता आणि दुसरं माणूस भ्यायचं थांबू शकत नव्हतं. त्यांनी दोघांनी मिळून त्यावर जी तोड काढली होती, तिच्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

गावाला मात्र हे पचत नव्हतं. एका वर्षी संक्रांत रविवारी आली. नटूनथटून बायका वाण घेऊन दुपारीच दारात आल्या, तर समोर काकू पांढऱ्या कपाळाने. बायका जागच्या जागी थिजल्या. एकीच्या हातातल्या तबकातली हळद पायरीवर सांडली. काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता नाही वो. दिवेलागणीले या. तवा मी सवाष्ण असन."

पलीकडच्या घरातल्या आजी ओट्यावरून हे बघत होत्या. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. कधी न बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "आमी जन्मभर भोगून राहिलो," त्या म्हणाल्या, "अन् हिची आठवड्याची हौस! खेळ हाये काय हा?" काकूंनी ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळी बांगड्या घालताना काकूंनी दार लोटून घेतलं. त्यानंतर आजींनी काकूंशी बोलणं टाकलं.

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं नाही, बदली झाली नाही, खोलीही बदलली नाही. माणसाला कशाचीही सवय होते. रविवारी सकाळी पांढरं कपाळ दिसलं की मी आता फक्त "आज डब्यात काय?" एवढंच विचारायची. गल्लीत टीव्ही आले होते. काका म्हातारे झाले होते, बहिरेपण वाढलं होतं, आजकाल फार वर चढत नाही असं म्हणायचे, पण जायचे.

त्या रविवारी दुपारी मी खोलीत पेपर तपासत होते. अंगणात वाळत घातलेल्या वड्यांपाशी काकू बसलेल्या होत्या. "पोरी, छातीत जळजळून राहिलं वो," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना धरून ओसरीवर निजवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना बोलवायला धावले. डॉक्टर आले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला रडूही येईना. काकांचं काही होईल, आज ना उद्या कोणीतरी नाल्यावरून वाईट बातमी घेऊन येईल, ही धास्ती त्या घरात इतकी वर्षं बसलेली होती, की घरातलं माणूस घरातच जाईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

बायका जमल्या. पाणी तापलं, आंघोळ घातली आणि तिथे सगळं अडलं. सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं, हळदीकुंकू, मळवट, हातभर चुडा. विधवा गेली तर यातलं काही नाही. समोर निजलेल्या बाईचं कपाळ पांढरं होतं आणि हात मोकळे होते.

"लावा ना कुंकू," एकजण म्हणाली. "नवरा जिता हाये तिचा."

"जिता हाये हे कोन सांगन?" दुसरी हळूच म्हणाली. "सकाळपासून जंगलात हाये. हिनं सोताच पुसलं ना?"

सगळ्यांच्या डोक्यात तो खडकावरचा कोट आला असणार, माझ्या तरी आला. एकदा याच अंगणात घाई झाली होती. या खेपेला कोणी हात पुढे करेना.

ओसरीच्या कडेला पलीकडच्या आजी उभ्या होत्या. सवाष्णींच्या कामात त्या पुढे येत नसत. त्यांनी तिथूनच सांगितलं, "थांबा. तो येऊ द्या."

सगळे थांबले. नेहमीची यष्टी गेली, काका आले नाहीत. दिवेलागण होऊन गेली. मी फाटकात उभी होते. शिकलेली बाई मी, काकूंच्या यमाला मनातून हसलेली. आणि त्या वेळी मी फाटकाची सळई घट्ट धरून एकच घोकत होते, या, काका, या, नाहीतर हिला असंच न्यावं लागेल.

लांबून लोट्याचा आवाज आला. मग त्या बहिऱ्या माणसाची आरोळी, "आलो!"

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना अंगणातली माणसं दिसली. ते थांबले. एवढ्या माणसांवरून नजर फिरवून त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

कोणी बोललं नाही. हा प्रश्न काकूंनी मला नक्कल करून किती वेळा सांगितला होता, सांगताना हसून हसून डोळे पुसले होते.

सवयीने ते काकूंचे हात शोधायला लागले. बायकांच्या घोळक्यात त्यांनी हात बघितले, एकीचे, दुसरीचे, माझे. मग ओसरीवर त्यांची नजर गेली आणि चटईवरचे ते दोन हात त्यांना सापडले.

ते रडले नाहीत. ओल्या धोतराने तसेच ओसरीवर चढले, कोनाड्यातून डबा काढला. झाकण घट्ट होतं, त्यांनीच बनवलेलं. गारठलेल्या बोटांनी ते उघडेना, तेव्हा त्यांनी कमरेचा लोटा सोडून कडेवर एक ठोका घातला. मग काकूंपाशी मांडी घालून बसले आणि बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्याने, तिला ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने म्हणाले, "आलो ना मी. पाह्य. आलो."

एक बाई पुढे सरकली. हात ताठ झालेत, बांगड्या आता जायच्या नाहीत, आपण भरतो, असं काहीतरी ती म्हणणार होती. आजींनी तिला हाताने थोपवलं.

काकांनी तो हात मांडीवर घेतला आणि मनगटावरच्या पांढऱ्या वणावरून पहिली बांगडी वर सरकवली. मग दुसरी. माप मोठं होतं. एकही बांगडी फुटली नाही.